दूध संस्थेच्या बिलात पैशांचा मेळ का बसत नाही: फ्लोट, डेसिमल की पूर्णांक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी तुम्ही संकलनाचं सॉफ्टवेअर लिहिलंय. २१० सभासद, रोज सकाळ-संध्याकाळ माप, दर दहा दिवसांनी बिल. प्रोग्राम जावास्क्रिप्टमध्ये, डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये. पावतीवर रक्कम दोन दशांशांत छापता आणि बिल काढताना लिटर गुणिले दर यांची बेरीज थेट क्वेरीतून घेता. सभासदानं दहा दिवसांच्या पावत्या जोडल्या की ती बेरीज बिलाशी जुळत नाही. कुणाचे ३ पैसे, कुणाचे ७ पैसे, संस्थेच्या एकूण रकमेत एक-दोन रुपये. गायीचं दूध घालणाऱ्या दोघांना मात्र एका बिलात ४२ रुपयांच्या आसपास कमी आले. राजारामपुरीतल्या मित्रांना विचारलं तर तिघांची तीन मतं: एक म्हणतो फ्लोट (अपूर्णांक द्विमान पद्धतीत ठेवणारा प्रकार) चालतो, शेवटी राउंड कर, दुसरा म्हणतो पैशाला डेसिमलच (दशमान पद्धतीत ठेवणारा प्रकार) हवं, तिसरा म्हणतो सगळं पैशांत, पूर्णांकात ठेव. तुमचं म्हणणं, टेबलात रकमेचा कॉलम डेसिमल(१०,२) असाच आहे, मग चूक कुठे?

हा वाद प्रोग्रामर मंडळींत कायम रंगतो आणि तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण तुमची अडचण मुळात डेटा टाइपची नाही. कुठला आकडा खरा मानायचा हे ठरलेलं नाही, ही अडचण आहे. पावतीवर एक आकडा छापलाय आणि बिलासाठी तुम्ही तोच हिशेब नव्यानं, वेगळ्या रीतीनं करताय. हे सुटल्याशिवाय टाइप बदलून काही हाती लागणार नाही.

आधी फरकाच्या आकारावरून निदान करू. लिटर एका दशांशात आणि दर दोन दशांशांत, म्हणजे गुणाकाराला जास्तीत जास्त तीन दशांश येतात. तो दोन दशांशांवर आणताना एका नोंदीत फार तर अर्धा पैसा इकडचा तिकडे होतो. दहा दिवसांत वीस नोंदी, म्हणजे एका सभासदामागे फरकाची कमाल मर्यादा १० पैसे. गाय आणि म्हैस दोन्हींचं दूध घालणाऱ्याच्या चाळीस नोंदी होतात, त्याची २० पैसे. प्रत्येकाच्या वीसच नोंदी धरल्या, तर २१० सभासदांचे सगळे फरक एकाच बाजूला गेले तरी संस्थेचा आकडा २१ रुपयांवर जाऊ शकत नाही, आणि वर-खाली होऊन तो एक-दोन रुपयांवर येतो. तुमचे ३ पैसे, ७ पैसे आणि एक-दोन रुपये हे सगळं या मर्यादेत बसतं, म्हणजे ते राउंडिंगचं काम आहे. ४२ रुपये या मर्यादेत कुठेच बसत नाहीत. तो दुसरा बग आहे, आणि जास्त गंभीर आहे. कुठल्याही हिशेबाच्या प्रोग्राममध्ये ही मर्यादा आधी कागदावर मांडावी. ती ओलांडणाऱ्या फरकाला ‘राउंडिंगमुळे असेल’ म्हणून सोडून देऊ नये.

लहान फरकापासून सुरू करतो. पावतीवर तुम्ही प्रत्येक नोंद दोन दशांशांवर आणून छापता, तर बिलाची क्वेरी दोन दशांशांवर न आणलेल्या गुणाकारांची बेरीज करते. वीस आकडे आधी राउंड करून जोडले काय आणि जोडून मग राउंड केले काय, उत्तरं वेगळी येणारच. कागद-पेन्सिलनं केलं तरी येतील, डेसिमल टाइपमध्ये केलं तरी येतील. तुमचा दुसरा मित्र म्हणतो तसं सगळं डेसिमलमध्ये नेलं असतं, तरी ७ पैसे तिथेच राहिले असते.

मग फ्लोटचा दोष काय? तो दिसतो बरोबर अर्ध्या पैशावर. एक उदाहरण जवळून बघा. दूध २.५ लिटर, दर समजा ४२.०१. कॅल्क्युलेटरवर १०५.०२५ येतं, कारण साधा कॅल्क्युलेटर दशमान पद्धतीनंच गणित करतो. सचिव किंवा लेखापरीक्षक याचे १०५.०३ लिहितील. जावास्क्रिप्टमध्ये हाच गुणाकार १०५.०२४९९९९९९९९९९९ येतो. त्यावर टूफिक्स्ड(२), म्हणजे दोन दशांशांचा मजकूर देणारं फंक्शन, लावलं की १०५.०२. पण त्याच आकड्याला १०० ने गुणून मॅथ-राउंड (जवळचा पूर्णांक देणारं फंक्शन) केलं आणि परत १०० ने भागलं की १०५.०३! शंभरनं गुणताना निकाल पुन्हा जवळच्या मांडता येणाऱ्या आकड्यावर बसतो, आणि तो आकडा इथे नेमका १०५०२.५ निघतो. म्हणजे पावती छापणाऱ्या फंक्शनात टूफिक्स्ड आणि रिपोर्टच्या फंक्शनात मॅथ-राउंड असेल, तर एकाच नोंदीचे दोन आकडे एकाच प्रोग्राममधून बाहेर पडतील. ‘शेवटी राउंड कर’ हा सल्ला इथे फसतो. राउंड होण्याआधीच आकडा अर्ध्या पैशाच्या खाली घसरलेला असतो.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे घोकावं लागणार नाही. आज जवळजवळ सगळीकडे चालणारा डबल, म्हणजे आठ बाइटांचा फ्लोट, हा १९८५ च्या आयईईई ७५४ मानकाप्रमाणे ५३ बिटांत आकडा मांडतो. द्विमान पद्धतीत नेमके मांडता येतात ते फक्त अर्धा, पाव, अष्टमांश असे दोनच्या घाताने भागलेले अपूर्णांक. एका रुपयातल्या ०० ते ९९ पैशांपैकी ००, २५, ५० आणि ७५ एवढे चारच आकडे डबलमध्ये जसेच्या तसे बसतात. बाकीचे ९६ किंचित कमी किंवा किंचित जास्त. १ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा होता. आणा म्हणजे एक सोळांश, जुना पैसा म्हणजे एक चौसष्टांश, आणि हे दोन्ही द्विमान पद्धतीत नेमके बसतात. पावली, अधेली, आणा, पैसा यांचा हिशेब फ्लोटमध्ये अगदी सोळा आणे जुळला असता. शंभर पैशांचा रुपया आला आणि सोय माणसाची झाली, कॉम्प्युटरची नाही.

मित्रांच्या वादात दोन मोठे दाखले हमखास येतात, त्यांच्याबद्दलही सांगायला हवं, कारण ते चुकीच्या बाजूनं वापरले जातात. पहिला पॅट्रियट क्षेपणास्त्राचा. २५ फेब्रुवारी १९९१ ला सौदी अरेबियातल्या धाहरानमध्ये ते येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवू शकलं नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. हा फ्लोटचा दोष म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तिथे वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात पूर्णांकानं मोजली जात होती. तिचे सेकंद करताना लागणारा ०.१ हा आकडा २४ बिटांच्या फिक्स्ड-पॉइंट (टिंबाची जागा पक्की असलेल्या, फ्लोट नसलेल्या) रजिस्टरमध्ये कापून ठेवला होता. सुमारे शंभर तास यंत्रणा सलग चालू राहिल्यावर फरक ०.३४ सेकंदांवर गेला. दुसरा दाखला व्हँकुव्हर शेअर बाजाराचा. जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झालेला निर्देशांक प्रत्येक व्यवहारानंतर तीन दशांशांवर राउंड न करता कापला जायचा. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२४ च्या आसपास आला होता, आणि नव्यानं मोजल्यावर १०९८ च्या वर निघाला. दोन्हीकडे घात केला तो कुठे कापायचं, किती वेळा कापायचं आणि कापलेला आकडाच पुढे वापरायचा का, या निर्णयांनी. टाइप बदलून हे निर्णय आपोआप होत नाहीत.

आता राउंडिंग कुठे करायचं. मी दूध संस्थेच्या कामात एकच नियम लावतो: जो आकडा कागदावर छापून सभासदाच्या हातात दिला, तोच पुढच्या सगळ्या गणितात. पावतीवर १०५.०३ छापलं की डेटाबेसमध्ये १०५०३ पैसे जमा, आणि बिल म्हणजे या जमा रकमांची बेरीज. बिलाच्या क्वेरीत लिटर गुणिले दर पुन्हा येताच कामा नये. कारण साधं आहे. सभासद बिल तपासतो ते पावत्या जोडून. त्याच्याकडे तुमचे तीन दशांश नसतात.

इथे परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी आहेत, त्या संस्थेला विचारूनच ठरवाव्या लागतील. काही संस्थांत पावतीवर फक्त लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) छापतात, रक्कम नाही. तिथे राउंडिंग रोज करण्याऐवजी बिलावर केलं तरी चालतं. दुधाचं माप लिटरमध्ये आणि हिशेब किलोत असेल तर १.०३ ने गुणण्याची पायरी मध्ये येते. २.५ लिटरचे २.५७५ किलो होतात. पावतीवर किलो दोन दशांशांत छापत असाल तर ते २.५८ धरायचं आणि रक्कम त्या २.५८ वरच काढायची. छापायचं नसेल तर मधे राउंड न करता २.५७५ वरच काढायची. राउंडिंग दोनदा होतं तेव्हा ते दोन्ही वेळा कागदावर दिसलं पाहिजे. आणि अर्धा पैसा नेहमी वर न्यायचा की कसं, हेही सचिवांकडून लेखी घ्या. जीएसटीत ही गोष्ट कायद्यानंच ठरवून दिलीय: केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० प्रमाणे कराची रक्कम जवळच्या रुपयावर आणायची, ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर. दूध बिलात ते तुम्हालाच विचारून ठरवावं लागतं.

हे लेखी का, तर प्रत्येक भाषेचा राउंड वेगळा वागतो. पायथनचा राउंड अर्ध्यावर सम आकड्याकडे जातो, म्हणजे २.५ चे २ आणि ३.५ चे ४. सी-शार्पचा मॅथ-राउंड आणि जुन्या व्हीबीचा राउंडही, काही सांगितलं नाही तर, तसेच. एक्सेलचा राउंड शून्यापासून दूर जातो. जावास्क्रिप्टचा मॅथ-राउंड अर्ध्यावर वरच्या बाजूला जातो, म्हणून उणे २.५ चे उणे २ होतात. पोस्टग्रेसमध्ये न्यूमरिक (नेमक्या दशमान) प्रकाराचा राउंड शून्यापासून दूर आणि डबलचा बहुतेक ठिकाणी समाकडे, म्हणजे एकाच डेटाबेसमध्ये दोन चाली. म्हणून राउंडिंगचं फंक्शन स्वतः लिहा, प्रोग्रामभर एकच ठेवा, आणि छपाईपासून रिपोर्टपर्यंत सगळ्यांना तेच वापरायला लावा.

आता ते ४२ रुपये. तुमचा कोड मी बघितलेला नाही, पण दोघंही गायीचं दूध घालणारे आहेत ही खूण फार बोलकी आहे. बहुतेक दरपत्रक तुम्ही लूपमध्ये तयार करताय: फॅट ३.० पासून सुरू, दर फेरीला ०.१ मिळवायचं, आणि शोधताना ‘मोजलेल्या फॅटइतकी किंवा त्याहून कमी असलेली शेवटची ओळ’ घ्यायची. जावास्क्रिप्टमध्ये करून बघा. ३.१ येतं, ३.२ येतं, आणि तिसऱ्या पायरीला ३.३०००००००००००००३. मशीनकडून आलेला ३.३ हा याच्यापेक्षा लहान, म्हणून सभासदाला दर मिळतो ३.२ च्या ओळीचा. अशा लुपात ३.३ पासून ४.१ पर्यंतची प्रत्येक ओळ किंचित वर सरकलेली असते. ४.२ ला आकडा परत जागेवर येतो आणि पुढे म्हशीच्या पट्ट्यात बेरीज जागेवर किंवा किंचित खाली राहते, त्यामुळे ही तुलना तिथे बिघडत नाही. गायीच्या दुधाचं प्रमाण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफचं, म्हशीचं ६.० आणि ९.० चं. गावात बहुतेक म्हशी असतील तर दोष दिसणार तो याच दोघांना. आकड्यानं ताळा करून बघा: एका ओळीचा फरक लिटरला ३० पैसे धरला, तर वेळेला ७ लिटर गुणिले वीस वेळा म्हणजे १४० लिटर, आणि १४० गुणिले ३० पैसे म्हणजे बरोबर ४२ रुपये. तुमच्या दरपत्रकातला टप्पा ३० पैशांचा आणि त्यांचं दूध एवढंच असेल तर चोर सापडला.

उपाय सोपा आहे. फॅट आणि एसएनएफ दशांशाच्या पूर्णांकात ठेवा: ३.३ म्हणजे ३३, ८.५ म्हणजे ८५. लूप ३० पासून एकेकानं चालवा. मशीनकडून सिरियल पोर्टवर येतो तो मजकूर असतो. तो फ्लोट करून शंभरनं गुणून कापू नका. ४.३५ ला १०० ने गुणलं की ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं आणि कापल्यावर ४३४ उरतात. टिंबाच्या अलीकडचा आणि पलीकडचा भाग मजकूर म्हणूनच वेगळा करा, पलीकडचा भाग हव्या तेवढ्या अंकांचा करून घ्या आणि जोडून पूर्णांक बनवा. ‘४.३’ आलं तर शतांशात ते ४३० व्हायला हवं, ४३ नव्हे. ही चूक घाईत हमखास होते.

एसएनएफचंही दरपत्रक दोन बाजूंचं असतं, आडवं एसएनएफ आणि उभं फॅट. ते दर फॉर्म्युल्यानं काढू नका. दूध संघाकडून आलेला तक्ता आहे तसा टेबलात भरा, फॅट-एसएनएफच्या जोडीला एक दर पैशांत. जोडी सापडली नाही तर प्रोग्रामनं मूळ दर लावून पुढे जाता कामा नये. नोंद थांबवून ऑपरेटरला सांगितलं पाहिजे. गपचूप लावलेला दर महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तो पैसा दूध घालणाऱ्याचा असतो.

डेसिमल(१०,२) बद्दल. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये तो प्रकार खरा आहे, आकडा दशमान पद्धतीनं नेमका साठवतो. एसक्यूलाइटमध्ये तो प्रकारच नाही. नाव स्वीकारलं जातं, पण अपूर्णांक आला की तो आठ बाइटांच्या रिअल म्हणून, म्हणजे फ्लोट म्हणूनच साठतो, आणि दोन दशांशांची अटही पाळली जात नाही. त्या कॉलमवर टाइपऑफ हे प्रकार सांगणारं फंक्शन चालवा, अपूर्णांकातल्या रकमांना ‘रिअल’ असंच उत्तर येईल. २०२१ च्या ३.३७ आवृत्तीपासून स्ट्रिक्ट, म्हणजे प्रकार काटेकोर पाळणारी, टेबल करता येतात. त्यात डेसिमल लिहिलं तर टेबल बनतच नाही आणि ही फसगत टळते. तुम्ही ‘डेसिमल तर वापरतोय’ म्हणत होता तेव्हा मनापासून बरोबर होता, एसक्यूलाइटनं ते ऐकलं नव्हतं.

मग तिघांपैकी ऐकायचं कुणाचं? तुमच्या जोडीला, म्हणजे जावास्क्रिप्ट आणि एसक्यूलाइटला, तिसऱ्या मित्राचं: पैसे पूर्णांकात. दोन्हींकडे अंगचा डेसिमल नाही आणि पूर्णांक दोन्हींकडे भक्कम आहे. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंत नेमका राहतो, एवढे पैसे कुठल्याही संस्थेला पुरून उरतील. उद्या पोस्टग्रेस आणि जावावर गेलात तर न्यूमरिक आणि जावातला दशमान प्रकार बिगडेसिमल तितकेच योग्य, आणि ठेवींवरचं व्याज काढायचं असेल तर जास्त सोयीचे. फक्त बिगडेसिमलमध्ये २.० आणि २.०० ‘इक्वल्स’नं समान ठरत नाहीत, तिथे कंपेअर-टू वापरावं लागतं. पायथनमध्ये डेसिमल वापरलात तर आकडा अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर फ्लोटचा कचरा आत जातो. डेसिमल हळू चालतो हा मुद्दा रोज ४२० नोंदींच्या संस्थेला लागू नाही. मायएसक्यूएलमध्ये साधा फ्लोट प्रकार मात्र चुकूनही नको. तो चार बाइटांचा असतो, आणि १,३१,०७२ रुपयांच्या वर गेलं की त्यातल्या दोन शेजारच्या आकड्यांत दीड पैशाहून जास्त अंतर पडतं. एका संस्थेचं दहा दिवसांचं बिल त्याच्या वर सहज जातं.

फ्लोट वाईट असं मात्र समजू नका. सरासरी फॅटचा आलेख, टाकीचं तापमान, शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगचं वजन, अशा मोजमापांना डबल उत्तम आहे. मोजणाऱ्या यंत्राचीच चूक तिथे तिसऱ्या-चौथ्या अंकात असते आणि डबल पंधरा अंक सांभाळतो. पैसे आपण यंत्रानं मोजत नाही, ते ठरलेले असतात. म्हणून त्यांना वेगळी वागणूक लागते.

पूर्णांकात नेमकं कसं करायचं ते लिहितो. दूध मिलिलिटरमध्ये: २.५ लिटर म्हणजे २५००. दर पैशांत: ४२०१. गुणाकार १,०५,०२,५००. त्यात ५०० मिळवा आणि १००० ने भागून पूर्ण भाग घ्या: १०५०३ पैसे. फ्लोटचा संबंधच आला नाही, आणि अर्धा पैसा ठरल्याप्रमाणे वर गेला. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांकाचा वेगळा भागाकार नाही, म्हणून भागून मॅथ-फ्लोअर (खालचा पूर्णांक देणारं फंक्शन) लावा. इतक्या लहान आकड्यांत तो बरोबर चालतो. उणे रकमा या फंक्शनात येऊ देऊ नका. उणे ७ भागिले २ याचा पूर्ण भाग सीमध्ये उणे ३ येतो आणि पायथनमध्ये उणे ४. रक्कम धन ठेवून राउंड करा, जमा की कपात हे वेगळ्या कॉलममध्ये. ३२ बिटांचा पूर्णांक वापरणाऱ्या भाषेत हेच लिहिणार असाल तर सावध राहा. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७, म्हणजे पैशांत धरले तर २ कोटी १४ लाख रुपये. आणि ५०० लिटर गुणिले ५० रुपये हा मधला गुणाकारच मिलिलिटर-पैशांत अडीचशे कोटींचा होतो आणि फुटतो. सुरुवातीपासून ६४ बिट घ्या.

कपातींत एक जागा नेहमी चुकते. पशुखाद्याचे १,००० रुपये तीन बिलांत कापायचे, तर ३३३.३३ तीनदा कापून एक पैसा खात्यावर लोंबत राहतो आणि ते खातं कधीच बंद होत नाही. शेवटचा हप्ता भागाकारानं न काढता ‘उरलेली सगळी बाकी’ असा काढा. दिवाळीचा दूध फरक वाटतानाही हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर येतो. समजा १,००० रुपये वाटायचेत आणि तिघांचं दूध ७००, ५०० आणि ३०० लिटर. वाटे येतात ४६६६६.६७, ३३३३३.३३ आणि २०००० पैसे. आधी सगळ्यांचा पूर्ण भाग द्या, बेरीज ९९९९९. उरलेला एक पैसा ज्याचा कापलेला भाग सगळ्यात मोठा त्याला, म्हणजे इथे ७०० लिटरवाल्याला. बरोबरी झाली तर सभासद क्रमांकानं ठरवा, म्हणजे प्रोग्राम कितीदाही चालवला तरी तेच उत्तर येईल. वाटप आणि मूळ रक्कम यांचा मेळ पैशासकट बसतो.

बिल रोखीनं देत असाल तर निव्वळ रक्कम रुपयावर आणावी लागते. तो फरक दुधाच्या रकमेत मुरवू नका. वेगळी ओळ ठेवा आणि उरलेले पैसे पुढच्या बिलात ‘मागील शिल्लक’ म्हणून आणा. बँकेत जमा करत असाल तर रुपयावर आणण्याची गरजच नाही. संस्थेला संघाकडून येणारी रक्कम आणि सभासदांना दिलेली रक्कम यांतला फरक हा मात्र पूर्ण वेगळा विषय. तो माप, फॅटची सरासरी आणि वाढ-घट यांतून येतो. राउंडिंगच्या ओळीत तो कधीही ढकलू नका, नाहीतर खरी घट तिथे लपून बसेल.

बदल करायचा तो १, ११ किंवा २१ तारखेला सकाळच्या संकलनाआधी, म्हणजे एक बिल अर्धं जुन्या आणि अर्धं नव्या पद्धतीनं होणार नाही. आदल्या रात्री डेटाबेसची प्रत काढून वेगळ्या पेनड्राइव्हवर. जुना कॉलम पुसू नका, शेजारी पैशांचा नवा पूर्णांक कॉलम जोडा. जुन्या नोंदी भरताना लिटर गुणिले दर नव्यानं करू नका. पावतीची छपाई ज्या फंक्शननं होत होती त्याच फंक्शननं रक्कम काढून भरा, कारण लोकांच्या हातात तो आकडा आहे. मग वीस-पंचवीस सभासदांच्या कागदी पावत्या मागवून ताडून बघा. २.५ लिटर आणि ४२.०१ ही जोडी चाचणीत कायमची ठेवा, उत्तर १०५०३ आलंच पाहिजे. फॅट ३.३ ते ४.१ मधली प्रत्येक ओळ दरपत्रकाच्या कागदाशी डोळ्यांनी जुळवा. पहिली दोन बिलं निघाल्यावर प्रत्येक सभासदाच्या पावत्यांची बेरीज वजा बिलाची रक्कम, असा रिपोर्ट काढा. २१० च्या २१० ओळींत शून्य हवं, एक पैसाही नको.

आणि त्या दोघा सभासदांचं बिल मागे जाऊन दुरुस्त करू नका, ती बिलं कीर्दीत गेलेली आहेत. सॉफ्टवेअर सुरू झाल्यापासून फॅट ३.३ ते ४.१ असलेल्या सगळ्या नोंदी काढा. त्यात या दोघांशिवाय अजून कुणी निघतील, ज्यांनी तक्रार केली नाही तेही. प्रत्येक नोंदीचा दर तक्त्याप्रमाणे काय हवा होता ते लावून फरक काढा, यादी सचिवांना द्या, आणि पुढच्या बिलात ‘मागील दर फरक’ अशा स्वतंत्र ओळीत ज्याचे त्याला द्या.